ट्रंक माळ्यावर ठेवता, मग फोनमधलं कुठं ठेवता?



आमच्या कुरुंदवाडात नदीकडच्या बाजूला जुन्या घरात गेलात तर भिंतीवर एखादी रेघ दिसते. कुणी रंगानं ओढलेली, कुणी कोळशानं, कुठं नुसताच ओलीचा डाग. शेजारी साल लिहिलेलं असतं. २००५, २०१९, २०२१. कृष्णा-पंचगंगेच्या संगमाजवळचं गाव म्हटल्यावर इथं पूर कुणाला शिकवावा लागत नाही. पाणी चढायला लागलं की आधी जनावरं हलवायची, मग धान्याची पोती, आणि पत्र्याची ट्रंक माळ्यावर किंवा पाहुण्यांच्या गावाला. ट्रंकेत सातबारा, खरेदीखत, रेशनकार्ड, पोरांचे दाखले, एखादा लग्नातला फोटो. ती ट्रंक कुठं ठेवायची हे घरातल्या म्हाताऱ्या माणसालासुद्धा पाठ असतं.

आता एक प्रश्न विचारतो. त्या ट्रंकेतलं निम्मं सामान गेल्या काही वर्षांत तुमच्या फोनमध्ये आलंय. फोटो फोनमध्ये, पैसे फोनमध्ये, आधार फोनमध्ये, पोराचा निकाल फोनमध्ये. मग ती ट्रंक माळ्यावर ठेवलीय का? की ती उंबऱ्यावरच आहे, आणि वर तिला कुलूपही नाही?

मी शिक्षक आहे, कॉम्प्युटरचा तज्ज्ञ नाही. आपल्या बहुतेकांसारखं माझ्याकडेही एमएस-सीआयटीचं सर्टिफिकेट आहे आणि ते फाइलला लावलेलं आहे. पण त्या सर्टिफिकेटच्या जिवावर मी दहा वर्षांच्या प्रश्नपत्रिका, टाचणं आणि मुलांच्या सहलींचे फोटो एका लॅपटॉपमध्ये आणि त्याच लॅपटॉपच्या बॅगेतल्या एका पेनड्राइव्हमध्ये ठेवले होते. मनात समाधान की बॅकअप आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये घरात पाणी आलं तेव्हा ट्रंक माळ्यावर नेली, बॅग खुर्चीवर राहिली. लॅपटॉप गेला, पेनड्राइव्हही गेला. दोन्ही एकाच बॅगेत असतील तर ती दोन ठिकाणं नव्हेत, एकच ठिकाण आहे, हे मला खुर्चीनं शिकवलं.

म्हणून हा लेख. 'दहा भन्नाट ट्रिक्स' वगैरे इथं नाहीत. माझं म्हणणं एवढंच आहे की आपण फोनवर नवीन काय करता येतं ते फार शिकतो आणि असलेलं सांभाळायचं कसं ते शिकत नाही. शाळांनी आणि पालकांनी मिळून हे दुसरं शिक्षण आधी घ्यायला हवं.

पहिलं काम : तुमचं जीमेल तुमचंच आहे का?

पालकसभेत मी एकदा विचारलं, "तुमच्या फोनमधला ईमेल पत्ता कुणाला सांगता येईल?" बरेच जण हसले. एक ताई म्हणाल्या, "सर, ते दुकानातल्या पोरानं काढून दिलंय. त्यालाच म्हायती."

हे घरोघरचं चित्र आहे. नवा फोन घेतला की दुकानातच नवं जीमेल निघतं. पासवर्ड दुकानदाराला ठाऊक, आपल्याला नाही. दोन वर्षांनी फोन बदलला की पुन्हा नवं जीमेल. मग जुने फोटो, जुने नंबर जुन्या खात्यात पडून राहतात आणि त्या खात्याची किल्ली कुणाकडेच नसते. शिवाय दोन वर्षं अजिबात न वापरलेलं खातं गुगल त्यातल्या सगळ्या मजकुरासकट बंद करू शकतं, असा त्यांचा नियम आहे.

आज रात्री जेवण झाल्यावर एवढं करा. फोनमध्ये जीमेल उघडा, वर उजव्या कोपऱ्यातल्या गोल चित्रावर बोट ठेवा. तिथं दिसणारा पत्ता कागदावर लिहा. मग गुगल खात्याच्या सेटिंगमध्ये जाऊन 'सिक्युरिटी' उघडा. रिकव्हरीसाठी कुणाचा मोबाइल नंबर दिलाय ते बघा. तिथं दुकानदाराचा किंवा बंद पडलेला नंबर असेल तर काढून टाका आणि आपला व घरातल्या एका विश्वासू माणसाचा घाला. पासवर्ड माहीत नसेल तर 'फरगॉट पासवर्ड' दाबून नवा करा. फोन हातात आणि चालू असतो तेव्हा हे काम दहा मिनिटांचं असतं. फोन पाण्यात गेल्यावर तेच काम महिनाभरात होईल याची खात्री नाही.

ज्यांनी टू-स्टेप व्हेरिफिकेशन चालू केलंय त्यांना गुगल आठ आकडी बॅकअप कोडची एक यादी देतं. फोनही नाही आणि सिमही नाही, ओटीपी येणार कुठं, अशा वेळी या कोडवर खातं उघडतं. ही यादी कागदावर उतरवा आणि कुठं ठेवा? बरोबर, ट्रंकेत. कॉम्प्युटरच्या सुरक्षिततेत सुद्धा शेवटी कागद आणि ट्रंक कामाला येतात, हे मला फार आवडतं.

दुसरं काम : तीन प्रती, त्यातली एक पूररेषेच्या बाहेर

नृसिंहवाडीला पाणी वाढायला लागलं की दत्तमंदिरातली उत्सवमूर्ती वरच्या जागी हलवतात. पाणी गाभाऱ्यात आल्यावर पळापळ होत नाही, कारण कोणत्या पाण्याला काय करायचं हे ठरलेलं असतं. म्हणूनच तिथं दक्षिणद्वार सोहळ्याला लोक भक्तीनं स्नान करू शकतात. आधी तयारी आणि मग निश्चिंती, हा क्रम आहे.

कॉम्प्युटरवाल्यांचाही असाच एक सोपा नियम आहे. महत्त्वाच्या गोष्टीच्या तीन प्रती ठेवा, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर ठेवा आणि त्यातली एक दुसऱ्या ठिकाणी ठेवा. आपल्या भाषेत सांगायचं तर एक प्रत फोनमध्ये, एक गुगल ड्राइव्हसारख्या ऑनलाइन ठिकाणी आणि एक पेनड्राइव्हवर, जो जयसिंगपूरच्या किंवा इचलकरंजीच्या नातेवाइकाकडे राहील. मात्र त्या नातेवाइकाचं घर उंचावर आहे ना, तेवढं बघा.

"सगळं ऑनलाइन टाकलं की झालं की, पेनड्राइव्ह कशाला?" असं पोरं विचारतात. ज्यांनी २०१९ चा पूर बघितलाय त्यांना उत्तर माहीत आहे. वीज गेली, नेटवर्क गेलं, चार्जिंग संपलं. त्या दिवसांत ऑनलाइन ठेवलेला कागद असून नसल्यासारखाच होता. आणि नुसता फोनवर भरवसा ठेवला तर तो पाण्यात जातो. म्हणून दोन्ही हवं. गरजेचे चार-पाच कागद ड्राइव्हमध्ये असले तरी फोनमध्येही डाउनलोड करून ठेवा, म्हणजे नेटशिवाय उघडतील. गावाचा नकाशासुद्धा गुगल मॅप्समध्ये ऑफलाइन डाउनलोड करून ठेवता येतो.

फोटोंबद्दल एक गैरसमज आहे. गुगल फोटोमध्ये सगळं आपोआप फुकट साठतं असं अजून अनेकांना वाटतं. १ जून २०२१ पासून तसं राहिलेलं नाही. जीमेल, ड्राइव्ह आणि फोटो मिळून १५ जीबी फुकट मिळतात, आणि अँड्रॉइडवरचा व्हॉट्सॲपचा बॅकअपही आता त्यातच मोजला जातो. ती जागा भरली की बॅकअप गुपचूप थांबतो. 'स्टोरेज फुल'ची सूचना आपण बोटानं बाजूला सारतो आणि सहा महिन्यांनी रडतो. ही जागा 'गुड मॉर्निंग'च्या फुलांनी आणि लग्नातल्या व्हिडिओंनी भरलेली असते. व्हॉट्सॲपच्या सेटिंगमध्ये 'मीडिया ऑटो डाउनलोड' बंद करा, निम्मा कचरा येणंच थांबेल.

तिसरं काम : डिजिलॉकर, पण नीट समजून

केंद्र सरकारचं डिजिलॉकर २०१५ साली सुरू झालं. बहुतेक शिक्षकांना नाव माहीत आहे, पण त्यातला मुख्य फरक माहीत नाही. डिजिलॉकरमध्ये दोन कप्पे असतात. एकात सरकारी खात्याकडून थेट आलेले कागद असतात, ज्याला 'इश्यूड' म्हणतात. दुसऱ्यात आपण स्वतः फोटो काढून चढवलेले असतात. पहिल्या कप्प्यातला कागद कायद्यानं मूळ कागदाच्या बरोबरीचा मानला जातो. दुसऱ्या कप्प्यातला हा नुसता आपला फोटो असतो. आधारचा फोटो काढून चढवला आणि 'डिजिलॉकरमध्ये आहे' म्हणून निर्धास्त झालो, तर ते खरं नव्हे. आधार, वाहन परवाना, गाडीचं आरसी, दहावी-बारावीची गुणपत्रिका हे सगळं शोधून 'इश्यूड'मध्ये आणायचं असतं. आपल्या राज्य मंडळाच्या गुणपत्रिका तिथं मिळतात, बैठक क्रमांक आणि साल हाताशी ठेवा.

पुरात भिजलेल्या गुणपत्रिकेची दुय्यम प्रत काढायला अर्ज, प्रतिज्ञापत्र, हेलपाटे किती लागतात हे ज्यांनी केलंय त्यांना विचारा. आमच्या ओळखीतल्या एका मुलीचा कॉलेज प्रवेश त्यात अडकता अडकता राहिला. घरच्यांनी कागद वाळवायला दोरीवर घातले होते, शाई उतरून गेली होती. दहावीला बसलेल्या प्रत्येक मुलाचं डिजिलॉकर खातं निकालाच्या आठवड्यातच शाळेत बसवून उघडून द्यावं, असं माझं स्पष्ट मत आहे. त्याला वेगळा निधी लागत नाही. एक वर्ग, एक शिक्षक आणि आधारला जोडलेला मोबाइल घेऊन आलेला पालक, एवढंच लागतं.

बाकीच्या कागदांचे फोटो काढायचे तर नुसता कॅमेरा वापरू नका. गुगल ड्राइव्हमध्ये अधिकच्या चिन्हावर 'स्कॅन' असतं. ते कागदाच्या कडा ओळखतं, सरळ करतं आणि पीडीएफ बनवतं. त्यासाठी वेगळं, जाहिरातींनी भरलेलं ॲप घ्यायची गरज नाही. फाइलला नाव देताना आधी साल, मग महिना, मग तारीख आणि मग विषय लिहा. '२०२४-०६-१५ उत्पन्न दाखला' असं. सगळ्या फाइली आपोआप क्रमानं लागतात. 'न्यू', 'न्यू फायनल', 'न्यू फायनल खरं' अशी नावं ठेवून आपण निम्मं आयुष्य शोधण्यात घालवतो.

चौथं काम : आधार ग्रुपवर मागणं बंद करा

हे आता मी शिक्षकांना, म्हणजे आधी स्वतःलाच, सांगतोय. वरून माहिती तातडीनं मागवली जाते. आपण काय करतो? वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहितो, "सर्वांनी पाल्याचे आधार व बँक पासबुकचा फोटो आजच टाकावा." आणि दोन तासांत चाळीस मुलांची आधारकार्डं चाळीस घरांतल्या फोनमध्ये जाऊन बसतात. मी हे केलेलं आहे. एका आजोबांनी मला विचारलं, "गुरुजी, माझ्या नातीचा नंबर आता सगळ्या गावाकडं गेला की हो?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

आपण मुलांची वही दुसऱ्याला दाखवत नाही आणि आधार चाळीस जणांना वाटतो. हे चुकीचं आहे. माहिती हवीच असेल तर पालकांनी ती शिक्षकांना खाजगी पाठवावी, किंवा शाळेत कागद आणून दाखवावा. काम झालं की आपणही आपल्या फोनमधून ते फोटो काढून टाकावेत. नुसती ओळख पटवायची असेल तिथं 'मास्क्ड आधार' द्यावं. आधारच्या अधिकृत वेबसाइटवरून ते मिळतं आणि त्यावर शेवटचे चारच आकडे दिसतात. 'वरून घाई आहे' हे कारण खरं असतं, पण घाई आपली आहे आणि धोका मुलांचा आहे. पालकहो, तुमच्या शिक्षकांनी ग्रुपवर आधार मागितलं तर नम्रपणे "सर, तुम्हाला वेगळं पाठवतो" म्हणा. चांगला शिक्षक रागावणार नाही.

पाचवं काम : घाईच्या फोनला थंड उत्तर

पूर वरून येतो तेव्हा निदान सूचना मिळते. राजाराम बंधाऱ्याची पातळी ३९ फुटांवर इशारा, ४३ फुटांवर धोका, हे कोल्हापूर जिल्ह्यात लहान पोरालाही पाठ असतं. फोनवरून होणाऱ्या चोरीला अशी पातळी नसते. म्हणून ती आपणच ठरवायला लागते.

माझ्या एका विद्यार्थ्याच्या वडिलांना व्हॉट्सॲपवर लग्नपत्रिका आली. नंबर अनोळखी, पण लगीनसराईचे दिवस, उघडून बघितली. ती पत्रिका नव्हती, एपीके फाइल होती. म्हणजे ॲप. 'इन्स्टॉल करू का' असं फोननं विचारलं, त्यांनी 'हो' म्हटलं. उसाच्या बिलातले जपून ठेवलेले पैसे खात्यातून गेले. वाईट याचं वाटलं की लाजेपोटी ते दोन दिवस कुणाशी बोललेच नाहीत. ते दोन दिवसच महत्त्वाचे होते.

म्हणून हे चार नियम फळ्यावर लिहावेत तसे घरात लिहून ठेवा.

एक. पत्रिका, चलन, वीजबिल, अनुदानाची यादी यातलं काहीही एपीके नसतं. फाइलच्या नावाच्या शेवटी एपीके दिसलं की उघडायचं नाही, मग ती सख्ख्या मेहुण्याकडून आलेली असली तरी. मेहुण्याचा फोनही फसलेला असू शकतो.

दोन. पैसे घेण्यासाठी यूपीआय पिन कधीच लागत नाही. पिन विचारला म्हणजे पैसे जाणार आहेत.

तीन. 'डिजिटल अरेस्ट' नावाची गोष्ट आपल्या कायद्यात नाही. पोलिस कुणाला व्हिडिओ कॉलवर अटक करत नाहीत आणि सुटकेसाठी पैसे पाठवा म्हणत नाहीत.

चार. पैसे गेले की पहिला फोन १९३० ला. नातेवाइकांना नंतर, रडणं त्याहून नंतर. ही सायबर फसवणुकीची राष्ट्रीय हेल्पलाइन आहे. जितक्या लवकर कळवाल तितकी पैसे पुढं जाण्याआधी अडवले जाण्याची शक्यता जास्त. बँकेलाही त्याच वेळी कळवा.

आणि व्हॉट्सॲपला आजच 'टू-स्टेप व्हेरिफिकेशन' लावा. सेटिंग, अकाउंट, मग हा पर्याय. सहा आकडी पिन ठेवा. मग कुणी गोड बोलून तुमच्याकडून ओटीपी काढून घेतला तरी तुमचं व्हॉट्सॲप त्याला दुसऱ्या फोनवर चालू करता येणार नाही.

फोन हरवला तर त्याचा आयएमईआय नंबर लागतो. आत्ताच *#०६# दाबा, येणारा पंधरा आकडी नंबर लिहून ठेवा. हरवल्यावर पोलिसांत तक्रार देऊन केंद्र सरकारच्या 'संचार साथी' पोर्टलवरून तो फोन बंद करता येतो. हा कागदही ट्रंकेतच.

शिक्षकांसाठी वेगळं : मराठी नीट टाइप करूया

आता थोडं आपल्या रोजच्या कामाचं. माझ्या जुन्या प्रश्नपत्रिकांपैकी काही एका मित्राकडे शिल्लक होत्या. त्यानं मोठ्या आनंदानं मेल केल्या. उघडून बघतो तर सगळी इंग्रजी अक्षरांची खिचडी! कारण त्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या होत्या.

यातली गंमत समजून घ्या. श्रीलिपी, कृतिदेव, शिवाजी अशा जुन्या फॉन्टमध्ये आपण 'क' टाइप करतो तेव्हा कॉम्प्युटर 'क' साठवत नाही. तो एखादं इंग्रजी अक्षर साठवतो आणि फॉन्ट त्याला 'क'चा मुखवटा चढवतो. ज्या मशीनवर तो फॉन्ट नाही तिथं मुखवटा गळून पडतो. युनिकोडमध्ये मराठी अक्षराला स्वतःचा क्रमांक असतो, म्हणून ते फोनवर, कॉम्प्युटरवर, कुठंही मराठीच दिसतं, आणि शोधलं तर सापडतंही. 'ॲप'मधला 'ॲ' तर २००८ मध्ये युनिकोडात स्वतंत्र अक्षर म्हणून आला. म्हणजे ही व्यवस्था आपल्या भाषेची गरज बघून वाढतेय.

विंडोज १० किंवा ११ असेल तर वेगळं सॉफ्टवेअर घ्यायची गरज नाही. सेटिंगमध्ये 'टाइम अँड लँग्वेज'मध्ये मराठी भाषा जोडा आणि 'मराठी फोनेटिक' कीबोर्ड निवडा. इंग्रजी अक्षरांत 'शाळा' लिहिलं की मराठी शब्द सुचवला जातो. ज्यांना वेगानं टाइप करायचंय त्यांनी इनस्क्रिप्ट शिकावं. पंधरा दिवस बोटं रडतात, मग आयुष्यभर सुख. जुन्या फाइलींसाठी फॉन्ट बदलून देणारे फुकट कन्व्हर्टर मिळतात. मात्र बदलल्यावर जोडाक्षरं आणि 'ऱ्या', 'ऱ्हा' अशी रूपं एकदा डोळ्यांखालून घाला, तिथं हमखास गडबड होते.

टाइपच करायचं नसेल तर बोला. फोनच्या कीबोर्डवरचा माइक मराठी ओळखतो. गुगल डॉक्समध्येही व्हॉइस टायपिंगला मराठी आहे. माझा अनुभव असा की पुस्तकी मराठी बोललो तर छान लिहितं, आणि "काय करालाइस" म्हटलं की गोंधळतं. म्हणून पहिला खर्डा बोलून करा आणि मग हातानं सुधारा. निकालपत्रकावरच्या वर्णनात्मक नोंदी मी आता अशाच करतो. मुलाचा चेहरा डोळ्यांसमोर आणून बोललं की 'प्रगती समाधानकारक' असं ठोकळेबाज वाक्य तोंडातून येत नाही.

कीबोर्डच्या चार युक्त्या पुरेशा आहेत. चुकून काही पुसलं तर कंट्रोल आणि झेड. मोठ्या फाइलमध्ये मुलाचं नाव शोधायचं तर कंट्रोल आणि एफ. मागं कॉपी केलेलं पुन्हा हवं असेल तर विंडोज आणि व्ही. स्क्रीनचा तुकडा कापायचा तर विंडोज, शिफ्ट आणि एस. आणि ग्रुपवर महत्त्वाचा फोटो पाठवताना 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, नाहीतर व्हॉट्सॲप तो दाबून लहान करतं आणि पालकांना वेळापत्रक वाचता येत नाही. पुस्तक फाटलं, भिजलं तर बालभारतीच्या वेबसाइटवर पाठ्यपुस्तकांच्या पीडीएफ फुकट आहेत. पुरानंतर शाळा भरते तेव्हा याचा फार उपयोग होतो.

घरातल्या मोठ्यांना विसरू नका

आपण पोरांच्या फोनवर ओरडतो आणि आजी-आजोबांच्या फोनकडे बघतच नाही. त्यांच्या फोनमधली अक्षरं मोठी करून द्या. लॉक उघडता न येणाऱ्या माणसालाही दिसेल अशी 'इमर्जन्सी'ची माहिती भरा, म्हणजे रक्तगट, आजार आणि घरच्यांचा नंबर. ऐकायला कमी येत असेल तर गुगलचं 'लाइव्ह ट्रान्स्क्राइब' समोरच्याचं मराठी बोलणं अक्षरांत दाखवतं. माझ्या शेजारच्या आजोबांना ते लावून दिलं तेव्हा ते नातवाला म्हणाले, "आता मला शिव्या दिल्यास तर वाचता येतील बघ." घरात खूप दिवसांनी हसू झालं.

शेतात जाणाऱ्या माणसाच्या फोनमध्ये 'दामिनी' ॲप असावं. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेनं वीज पडण्याची सूचना देण्यासाठी ते बनवलंय. आणि कोणत्याही संकटात ११२ हा नंबर.

फोन पाण्यात पडलाच तर लगेच बंद करा, सिम काढा, पुसून वाऱ्यावर वाळू द्या. चार्जिंगला लावायची घाई करू नका. तांदळाच्या डब्यात घालू नका, तांदळाची भुकटी आत जाते आणि तांदूळही वाया जातो.

"पोराला विचारा की!"

हे सगळं सांगितलं की पालकांचं एकच उत्तर असतं. "आमचं पोरगं करतंय सगळं, त्याला बरोबर कळतंय."

इथं माझा विरोध आहे. पोरगं हुशार आहे हे खरं. पण बापाचा यूपीआय पिन, आईचा पासवर्ड, बँकेचे मेसेज हे सगळं चौदा वर्षांच्या मुलाच्या हातात देणं म्हणजे त्याला तिजोरीचा कारकून करणं आहे. त्याच्याकडून चूक झाली तर तो घाबरून लपवणार. आणि आपण काही शिकायचं ठेवलेलं नसल्यामुळे ते आपल्याला कळणारही नाही. मुलांकडून शिकायला हरकत नाही, उलट त्यानं घरात बोलणं वाढतं. पण शिकायचं म्हणजे त्याला शेजारी बसवून आपल्या बोटांनी करायचं, फोन त्याच्या हातात देऊन आपण टीव्ही बघायचा नव्हे.

शिक्षकांनाही तेच लागू. शाळेतल्या एका 'टेक्नोसॅव्ही' सरांवर सगळी ऑनलाइन कामं ढकलून बाकीचे मोकळे, असं अनेक ठिकाणी चालतं. ते सर बदलून गेले की शाळेचे पासवर्डही त्यांच्याबरोबर जातात! शाळेच्या खात्यांची यादी मुख्याध्यापकांच्या कपाटात बंद पाकिटात असायला हवी.

मग करायचं काय?

माझी सूचना साधी आहे. १५ जूनला शाळा सुरू होते. मृगाचा पाऊस तेव्हा नुकताच सुरू झालेला असतो, आणि आमच्याकडे पाणी चढतं ते साधारण जुलै-ऑगस्टमध्ये. म्हणजे हातात महिनाभर असतो. वर्षाच्या पहिल्या पालकसभेत भाषणं कमी करा आणि एक तास 'फोनची ट्रंक' म्हणून ठेवा. पालकांनी फोन घेऊन यावं. त्या तासात पाचच गोष्टी हातानं करून घ्यायच्या. आपलं जीमेल ओळखणं आणि रिकव्हरी नंबर घालणं. बॅकअप चालू आहे का बघणं. डिजिलॉकर उघडणं. व्हॉट्सॲपला पिन लावणं. १९३० आणि ११२ हे नंबर सेव्ह करणं. पुढच्या बाकावर बसलेल्या आईला सातवीची मुलगी दाखवेल, मागं उभ्या असलेल्या बाबांना आपण दाखवू. ज्यांच्याकडे साधा फोन आहे त्यांनाही १९३० लिहिलेली चिठ्ठी द्यायची, कारण फसवणारा फोन त्यांनाही येतोच.

ज्या वर्षी पूर येणार नाही त्या वर्षीही हा तास घ्यायचा. ट्रंक काही पूर आलेल्या वर्षीच माळ्यावर जाते असं नाही, आमच्याकडे ती पावसाळ्याआधीच जाते.

मी नवा लॅपटॉप घेतला तेव्हा बायकोनं आधी विचारलं, "ह्यातलं आणि कुठं कुठं ठेवलंय?" तिला मी तीन ठिकाणं सांगितली. ती म्हणाली, "मग झोपा निवांत."

तुम्हालाही तसं निवांत झोपता यावं, एवढीच इच्छा. आज रात्री पहिलं काम तेवढं करून टाका.